लाइफबोटीतले आम्ही चौघं

जहाज बुडालं की सामान खाली जातं, किस्से मात्र वर तरंगत राहतात! हिवाळ्यात मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत उन्हाला बसलो, की दर रविवारी एखादा नवाच हाती लागतो.

आम्ही म्हणजे चौघं: चीफ इंजिनिअर कर्णिक साहेब, डेकवरच्या खलाशांचे प्रमुख इब्राहिम सारंग, कुक फ्रान्सिस आणि मी, रेडिओ ऑफिसर. मी आधीपासूनच दिल्लीत, मुलांच्या नोकऱ्यांमागे आता बाकीचे तिघंही दिल्ली-गाझियाबादकडे येऊन पडलेत. ऐंशीच्या दशकात आखातात दोन देशांची लढाई चालली होती. आमचा काही संबंध नव्हता, पण क्षेपणास्त्राला ते कोण सांगणार? आमचा टँकर बुडाला. बाकीचे एका बोटीत चढले आणि त्याच दिवशी सापडले. आमची बोट भरकटली.

*

जहाज सोडायचा हुकूम आला तेव्हा कर्णिक साहेब अंघोळ करत होते. अंगाला साबण, कमरेला टॉवेल, वर लाइफजॅकेट, असे धावत आले.

"साहेब, कपडे?" मी ओरडलो.

"अरे, जहाज बुडतंय, लग्नाला नाही चाललोय!"

बोटीत उडी मारताना टॉवेलही गेला. इब्राहिमभाईंनी तोंड फिरवून आपल्या पिशवीतली लुंगी पुढे केली. "साहेब, नवीन आहे. जपून बुडा!"

*

जहाजावर फ्रान्सिसच्या डाळीला रोज शिव्या बसायच्या. बोटीत होती फक्त दगडासारखी बिस्किटं. पठ्ठ्या तीही ऐटीत वाढायचा, "आज सुरमई फ्राय!"

एकदा लाट आली आणि बिस्किटं भिजली. मी सवयीने कुरकुरलो, "फ्रान्सिस, मीठ जास्त झालंय यार."

तो उसळला, "मला नाही सांगायचं! आजचा स्वयंपाक समुद्राचा आहे!"

*

कर्णिक साहेब पक्के नास्तिक. वादळ सुरू झालं आणि साहेबांनी खड्या आवाजात अथर्वशीर्ष धरलं! निम्म्यात अडकले. पुढचं काही आठवेना.

बोटीची कड घट्ट धरून इब्राहिमभाई ओरडले, "साहेब, परत पहिल्यापासून घ्या, पण थांबू नका! वारा पडत चाललाय!"

वारा पडेपर्यंत साहेब तेवढंच म्हणत राहिले. मग घसा खाकरून म्हणाले, "हे बघा, मी अजूनही नास्तिकच आहे."

"हो ना," फ्रान्सिस म्हणाला, "अर्धे!"

*

एक मोठं जहाज दिसलं. शर्ट हलवले, घसा बसेपर्यंत ओरडलो. ते सरळ निघून गेलं. कोणी कोणाकडे बघेना. फ्रान्सिस रडायला लागला.

कर्णिक साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, राजधानी होती ती. छोट्या स्टेशनला थांबत नाही. आपल्याला पॅसेंजर येईल."

मासेमारीची एक खटारा होडी आमच्याकडे वळली, तेव्हा फ्रान्सिसच पहिला ओरडला, "साहेब, पॅसेंजर!"

*

तिघं मुंबईच्या विमानात बसले, मी दिल्लीच्या. विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं, "सामान?"

"डूब गया।"

"कुछ डिक्लेअर करना है?"

"हाँ जी, ज़िंदा हूँ!"

त्याने मानही वर केली नाही. "नया या इस्तेमाल किया हुआ?"

*

आम्ही सापडल्याची तार घरी पोचायच्या आधी मीच पोचलो. माझी बायको सुधा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे घर म्हणजे सरकारी क्वार्टर. दाराशी चपलांचा ढीग. शेजारच्या शर्माजींनी माझी वाढलेली दाढी पाहिली आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "बहुत बुरा हुआ, भाईसाब। आप उनके कौन?"

"मैं वही हूँ।"

सुधा आतून आली. इतके दिवस ती रडली नव्हती म्हणे. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

बोटीत आमची पद्धत ठरलेली होती. पाण्याचा एकच घोट घ्यायचा आणि पेला डावीकडच्याला द्यायचा. मी एक घोट घेतला आणि पेला शर्माजींच्या हातात दिला.

ते गोंधळले, पण एक घोट घेऊन त्यांनी पुढे दिला. सुधाच्या ऑफिसातल्या बाई, माझे सासरे, खालच्या मजल्यावरचे सरदारजी. सगळ्यांनी एकेकच घोट घेतला.

फिरत फिरत पेला सुधाकडे आला. तिने आत पाहिलं. एक घोट उरला होता.