खाणीतली मरळ

मरळीनं मला जेवढा संताप आणला तेवढा माझ्या साहेबांनीही कधी आणला नसेल. माझी सगळी नोकरी बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. पुढ्यात आलेला भाग मापायचा, उलटसुलट बघायचा आणि बसत नसेल तर परत पाठवायचा. आनेकलच्या पलीकडच्या एका दगडाच्या खाणीत मरळ माझ्याशी नेमकं हेच करत होती. मी निवडलेलं आमिष पाण्यात पडायचं, ती कपारीतून बाहेर यायची, हातभर अंतरावर थांबून ते निरखायची आणि माघारी फिरायची. हे सगळं काठावरून स्वच्छ दिसायचं, तेच तर दुखणं होतं. गढूळ तळ्यात काही लागलं नाही तर इथे मासाच नसेल असं म्हणून घरी येता येतं. इथे तेवढीही सोय नव्हती.

खरं तर ही हौस माझी नव्हे, मित्राची. बेंगळुरूच्याच शिवाजीनगरात त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. घराण्याची तिसरी पिढी इथली, घरात मराठी, दुकानात कन्नड आणि माझ्याशी बोलताना दोन्हींची सरमिसळ. बायकोचं मशीन दुरुस्तीला नेलं तेव्हा ओळख झाली ती कायमची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून मी अण्णा. लहानपणापासून तो शहरातल्या तळ्यांवर गळ टाकत आलेला. गेल्या वर्षी त्याला काचबिंदू निघाला. कडेची नजर बरीचशी गेलीच होती. गेलेली परत येणार नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकेल तितकी टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे मला सांगून झाल्यावर तो समोरच्या मशीनला तेल देत म्हणाला, "अण्णा, चाळीस वर्षं मासे धरले. सगळी तळी गढूळ. हाताला झटका लागतो, तेवढंच कळतं. मासा येऊन आमिष तोंडात घेतो ते कधी बघितलंच नाही बघा. एकदा बघायचंय. डोळे आहेत तोवर."

"सरी," मी म्हणालो. कन्नडमधला 'बरं' म्हणायचा तेवढाच शब्द मला वेळेवर सुचतो.

म्हणून ती खाण. दगड काढणं कधीच बंद पडलेलं, खड्ड्यात पाणी साठलेलं, आणि पाणी असं की दोन पुरुष खोलीवरचा दगड मोजावा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारून आम्ही रविवारी सकाळी जायचो. जिवंत बेडूक गळाला टोचणं दोघांच्याही जिवावर यायचं, म्हणून लूर वापरायचं ठरलं, म्हणजे रबराचे नाहीतर प्लास्टिकचे खोटे मासे. कामं वाटून घेतली. रॉड त्याच्या हातात, लूर निवडायचं काम माझ्याकडे. त्याचा हात चांगला होता, आणि माझं डोकं चांगलं आहे असा माझा समज होता.

मी या विषयाच्या मागे हात धुऊन लागलो. इंटरनेटवर मिळेल तो व्हिडिओ पाहिला. ते बहुतेक सगळे बास नावाच्या परदेशी माशावर होते, आणि आपल्या मरळीनं त्यातला एकही पाहिलेला नव्हता. पण एका बाबतीत झाडून सगळ्यांचं एकमत होतं. पाणी नितळ असेल तर लूर लहान हवा, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बारीक हवी, आणि रंग पाण्यात विरघळून जाईल असा हवा: राखाडी, फिकट हिरवा, नाहीतर सरळ पारदर्शक. भडक रंग गढूळ पाण्यासाठी. हे मला पटलं. मी तसेच लूर जमवले आणि एका पहाटे आमच्या व्हाइटफील्डच्या कॉम्प्लेक्समधल्या पोहण्याच्या तलावात ते एकेक करून ओढून पाहिले. कुठला डुलतो, कुठला नुसताच ओंडक्यासारखा येतो, ते वहीत टिपलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली की तलावात मासेमारी करू नये. बायको म्हणाली, "आता फक्त बाथरूमची बादली राहिली." तिला काय सांगणार, बादली आधीच झाली होती.

एवढं करून निष्पन्न शून्य. मी राखाडी लावला, मरळ आली, बघून गेली. फिकट हिरवा लावला, ती आलीच नाही. तंगूस आणखी बारीक केली, ती दगडाला घासून तुटली आणि माझा सगळ्यात आवडता लूर तळाशी जाऊन बसला, दर रविवारी दिसेल असा. मित्र मात्र शांत. मी ओरडायचो, "बघ बघ, मागे आली! दिसली?" तो म्हणायचा, "दिसली, अण्णा." मग ती वळायची आणि मी कपाळाला हात लावायचो.

वर हा बाबा दर वेळी आपल्या जुन्या डब्यातून एक लाल लूर काढायचा आणि म्हणायचा, "स्वल्प हा लावून बघू या का?" कुंकवासारखा लालभडक, बोटाएवढा जाड, गढूळ तळ्यांतला. मी दर वेळी तो डब्यात परत टाकायला लावायचो. एका रविवारी त्यानं तो पुन्हा काढला आणि माझा तोल गेला. येताना दीड तास रस्त्यात अडकलो होतो, तीन लूर बदलून झाले होते, ऊन चढलं होतं.

"तुला कितीदा सांगायचं?" मी म्हणालो. "असला रंग बघून मासा गावाबाहेर पळेल! मी इथे महिनोन्महिने डोकं फोडतोय, आणि तू आपलं तेच तुणतुणं. तुला मासा बघायचाय की नाही?"

त्यानं लाल लूर तळहातावर ठेवला. "बघायचाय की. पण तुम्ही लावता ते मला दिसत नाही, अण्णा."

"काय दिसत नाही?"

"लूर. पाण्यात पडला की संपलं. पाणी आणि तो एकच होतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग मासा मागे आला की दिसला म्हणायचास, ते?"

"तुम्ही एवढे खूश व्हायचात," तो म्हणाला.

मी त्याच्यावर चिडलो, आणि त्याहून जास्त स्वतःवर. नितळ पाण्यात न दिसणारा लूर शोधायला मी जिवाचं रान केलं होतं, आणि ज्याच्यासाठी केलं त्याला दिसतो का, हे एकदाही विचारलं नव्हतं. मी तो लाल लूर हातात घेतला, बारीक तंगूस काढून जाड बांधली आणि गाठ ओढून रॉड त्याच्या हातात दिला.

त्यानं टाकला. लाल ठिपका पाण्याखाली वीतभर खोल, हलत हलत आमच्याकडे येऊ लागला. पहिल्यांदाच त्याची मान लुरामागे वळत होती. पहिल्या पाच-सहा फेकींना मरळ फिरकलीही नाही, आणि मनातल्या मनात मी म्हणालोच, बघ, सांगितलं होतं. पुढच्या फेकीला डावीकडच्या कपारीतून ती निघाली. या वेळी थांबली नाही, निरखलं नाही. सरळ आली आणि तोंड उघडलं.

"ओढ!" मी किंचाळलो. "अरे, ओढ!"

तो ढिम्म हलला नाही. रॉड तसाच धरून पाण्याकडे बघत राहिला. मरळीनं दोन क्षण लूर तोंडात धरला, थुंकला आणि खोल निघून गेली.

"ओढला का नाहीस?" माझा आवाज खाणीत घुमला. "सहा महिन्यांनी एक मासा लागत होता!"

"लाल होतं," तो हळूच म्हणाला. "येत होतं, येत होतं. मग एकदम नाहीसं झालं. तिथे, त्या दगडाच्या अलीकडे. आणि परत आलं. तिनंच घेतलं ना, अण्णा?"

"तिनंच."

"मला ती नाही दिसली. लाल गेलेलं दिसलं." तो हसत होता. मग माझ्याकडे मान पूर्ण वळवून त्यानं विचारलं, "कशी होती? सांगा की."

मी सांगितलं. काळपट पाठ, कोपरापर्यंतच्या हाताएवढी लांब, चपटं डोकं, आणि तोंड उघडलं तेव्हा आत दिसलेला पांढरेपणा. त्यानं ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "परत एकदा सांगा." दुसऱ्यांदा सांगताना पांढरेपणापाशी मला रडू फुटायला लागलं, म्हणून मी पुन्हा त्याच्यावर खेकसलो की ओढायला काय झालं होतं तुला.