हरवलास तर सांगायचा नंबर

आमच्या समोरच्या घरातल्या मालनबाई फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘बोल’ म्हणत. पलीकडे विमा विकणारी मुलगी असो, कर्ज घ्या म्हणणारा असो, की चुकून लागलेला कुणी. पहिला शब्द तोच. आवाज असा, की जणू बोलणारा दारातच उभा आहे आणि आत यायला लाजतोय. मग “नाय बाबा, नको मला,” म्हणून हळूच ठेवून देत. चिडत कधीच नसत.

त्या पाचोडच्या. लग्न होऊन सिडकोत आल्या. नवरा नानासाहेब वाळूजच्या कारखान्यात होते. घरात फोन आला तेव्हा धाकटा कृष्णा बालवाडीत जात होता. पोरगं हात सोडून पळणारं, म्हणून मालनबाईंनी त्याला घरचा नंबर पाठ करून दिला. आंघोळ घालताना, चालीवर. “हरवलास तर काय सांगायचं?” असं विचारलं की तो साबणाच्या तोंडानं सगळे आकडे म्हणून दाखवायचा. एकदा दिवाळीच्या गर्दीत गुलमंडीवर तो खरंच हरवला, आणि एका बांगड्यांच्या दुकानातून फोन आला, “आई, मी हरवलो.” ही गोष्ट सांगताना मालनबाई हसायच्या. “रडला नाय बघ. नंबर होता ना त्याच्याकडं.”

तोच कृष्णा विशीत घर सोडून गेला. कॉलेजला जातो म्हणून सांगायचा, पण परीक्षेला बसलाच नव्हता. नानासाहेबांना बाहेरून कळलं. रागाच्या भरात ते म्हणाले, “मला तोंड दाखवू नको.” कृष्णानं मोबाइल टीव्हीवर ठेवला आणि चपला घातल्या. मालनबाईंना वाटलं, कोपऱ्यावर जाऊन येईल.

पोलीस झाले, शिर्डी, सुरत, सगळं शोधून झालं. पुढं एकदा फोन वाजला. पलीकडे कुणी बोललं नाही, नुसती मागं रेल्वेची शिट्टी. मालनबाई “बोल, बोल की रे” म्हणत राहिल्या आणि फोन तुटला. तो कृष्णाच होता, याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

तेव्हापासून त्या फोनच्या आवाजाबाहेर गेल्या नाहीत. पाण्याचा वार असला की गल्लीत सगळ्यांची धांदल. त्यांचं पाणी मी किंवा त्यांची सून तनुजा भरायचो. पाचोडला सख्ख्या भाचीचं लग्न झालं, त्या गेल्या नाहीत. नानासाहेब वारले तेव्हा भेटायला येणाऱ्यांत त्या बसल्या त्या फोनजवळच. थोरला मुलगा शिवम कितीदा म्हणाला, “आई, मोबाइल घे, जवळ राहील.” त्या म्हणायच्या, “त्याला तो नंबर कुठं पाठ हाय?”

मी ऋतुराजला, माझ्या मुलाला, एकदा सहज विचारलं होतं, “माझा नंबर पाठ आहे का रे तुला?” तो पुण्यात असतो. म्हणाला, “पाठ कशाला? सेव्ह आहे.” आज तो रात्रीच्या गाडीनं परत निघालाय. ‘पोचलो’ असा मेसेज येईपर्यंत झोप लागणार नाही, म्हणून हे लिहीत बसले आहे.

गेल्या वर्षी रस्ता खोदला आणि मालनबाईंची फोनची तार तुटली. ती जुनी तार आता कुणी जोडत नाही म्हणे. नंबर तोच ठेवून फायबरवर घेता येतो, असं कळल्यावर शिवमनं लगेच अर्ज केला. पण फायबरचा डबा वरच्या मजल्यावर बसला, कारण शिवम-तनुजाचं ऑफिसचं काम वरूनच चालतं. फोन डब्याला जोडायचा, म्हणून फोनही वर गेला. खाली मालनबाई.

आता फोन वाजला की छतातून ऐकू यायचा. तनुजा मीटिंगमध्ये असली की नुसता वाजू द्यायची. मालनबाई गुडघे धरत जिना चढायच्या. अर्ध्यात पोचेपर्यंत वर शांत झालेलं असायचं. एकदा मी त्यांना जिन्याच्या वळणावर बसलेलं पाहिलं. धाप लागली होती.

“कुणाचा होता?” त्यांनी वर बघून विचारलं.

“कंपनीचा होता, आई,” तनुजा वरून म्हणाली. “मी उचललाच नाही.”

“मग कंपनीचा, कशावरून?”

फोन जुना, त्यावर नंबर दिसायची सोयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शिवमनं नेटवाल्या जुनेदला बोलावलं. आधी ठरलं, फोन खाली आणायचा आणि वायफाय खालपर्यंत वाढवायचं. जुनेदनं वायफाय पुढं ढकलणारा एक छोटा रिपीटर आणला आणि मालनबाईंच्या पलंगाशेजारी लावला. लाल दिवा लागला, हिरवा होईना.

“इथं त्यालाच रेंज नाय अम्मा, तो पुढं काय देनार?” जुनेद म्हणाला. “मधी लावावं लागंल. जिन्यात.”

“आन् फोन?”

“फोन तो तारवाला है. वायफाय कळत नाय त्याला. रिपीटरच्या खाली तारेचं भोक असतंय. तिथून तार काढतो तुमच्या पलंगापर्यंत. तिथं एक डबी, डबीत तुमचा फोन. नंबर वहीच.”

“वर हवेतून, खाली तारेतून?”

“व्हय अम्मा.”

“मग मधीच अडकायचं नाय ना काही?”

जुनेद हसला. “अडकलं तर मला हाक मारा.”

“तुला हाक कशी मारू? फोनच अडकलेला!” त्यावर आम्ही सगळेच हसलो, त्याही.

ज्या वळणावर त्या धापा टाकत बसल्या होत्या, तिथंच भिंतीवर रिपीटर बसला. कडेकडेनं तार खाली आली. जुनेद अंगणात गेला आणि त्यानं स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. पलंगाशेजारी घंटा वाजली. मालनबाईंनी पदर सावरला, मग उचलला.

“बोल.”

खिडकीतून मला जुनेद दिसत होता. त्याच्या तोंडचं ‘हॅलो’ तोंडातच राहिलं.

“कृष्णा?” मालनबाई म्हणाल्या.

“नहीं अम्मा,” तो हळूच म्हणाला. “जुनेद. अंगणातून.”

“बरं, बरं. चांगलं ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडं केलं.

मग एके दुपारी वीज गेली आणि त्यांच्या लक्षात आलं की फोन मेलाय. जुन्या फोनला तारेतूनच करंट यायचा. घरात अंधार असला तरी तो वाजायचा. आता वरचा डबा, जिन्यातला रिपीटर, खालची डबी, तिघांनाही वीज लागते. मालनबाई रिसीव्हर कानाला लावून तशाच बसल्या होत्या. शिवमनं त्याच आठवड्यात इन्व्हर्टर आणला. तरी त्यांचा विश्वास बसेना. बत्ती हिरवी असली तरी फोन चालू असेलच कशावरून? मला म्हणाल्या, “सुलेखा, संध्याकाळी घरी गेलीस की एक रिंग देत जा. मी उचलायची नाय. लाइन मोकळी पाहिजे. नुसता वाजू दे.”

तेव्हापासून देवापाशी दिवा लावला की मी एक रिंग द्यायची. समोरच्या घरातली घंटा मला माझ्या दारातून ऐकू यायची. मी बंद करायची. झालं.

थंडीत त्यांना निमोनिया झाला. दवाखान्यात नेताना त्या पलंगाचा कठडा सोडेनात. “मी बसते फोनपाशी,” असं तनुजानं म्हटलं तेव्हा उठल्या. पण दवाखान्यात धावपळ वाढली आणि तनुजालाही तिथं यावं लागलं. ती दिसली तसा मालनबाईंनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. “घरी कोण हाय?”

मी पलंगापाशीच उभी होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. “रिंग दे.”

मी मोबाइल स्पीकरवर ठेवला आणि त्यांच्या उशीपाशी धरला. कुलूपबंद घरातला फोन वाजत होता. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. आपोआप बंद पडेपर्यंत मी तो वाजू दिला.

“चालू हाय,” त्या म्हणाल्या. मास्क मी परत नीट बसवला. पहाटे त्या गेल्या.

दिवस झाल्यावर शिवम म्हणाला, “काकू, आता तो नंबर बंद करून टाकतो. बघवत नाही मला तो फोन.” मी मान हलवली. त्याचंही बरोबर होतं. भाऊ घर सोडून गेला तेव्हा त्यानंच गावोगाव पोस्टर लावली होती.

परवा संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि सवयीनं माझा हात मोबाइलकडं गेला. नंबर अस्तित्वात नाही असं सांगणारी बाई ऐकू येईल, असंच वाटलं होतं. पण समोर घंटा वाजली. मी बंद करायच्या आत कुणीतरी उचलला. धावत आल्यासारखा श्वास.

“बोला.” तनुजा होती.

माझं बोट अजून बंद करायच्या बटणावरच होतं.

“कृष्णा भाऊजी?” ती म्हणाली. “भाऊजी, ठेवू नका. मी शिवमची बायको, तनुजा. तुम्ही मला पाहिलं नाही. आई गेल्या हो. कुणी रागावलेलं नाही तुमच्यावर. तुम्ही फक्त कुठं आहात ते सांगा.”

असं कधीतरी कुणी त्याला म्हणायला हवं होतं. आणि ऐकायला मी होते. जितका वेळ मी गप्प राहीन तितका वेळ तिच्या कानाशी तो असणार होता, हे कळत होतं. तरी बोलणं भाग होतं.

“तनुजा, मी आहे गं. सुलेखाकाकू.”

पलीकडे पलंग करकरला, ती बसली असावी.

“चुकून लागला गं,” मी म्हणाले. “सवयीनं. आता नाही लावणार.”

“नाही काकू, लावा,” ती म्हणाली. “रोज लावत जा. नंबर मी बंद करू दिला नाही. पण तो मधेच बंद पडला, तर आम्हाला कळणार कसं?”