पठारानं ठेवून घेतलेला बूट

देवाच्या बाबतीत आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. पूजा माझे मिस्टर करायचे आणि फुलं मी आणायची. दत्ताच्या तसबिरीसमोर ह्यांचा रोज अर्धा तास जायचा, तेवढ्यात माझा चहा पिऊन आणि हवामानाचा अंदाज वाचून व्हायचा. मी नास्तिक नव्हते, पण देवानं आपल्यासाठी काही करावं अशी अपेक्षाही ठेवत नव्हते. नोकरीची सगळी वर्षं पुलांची डिझाइनं तपासण्यात गेली. पूल देवाच्या भरवशावर उभा राहत नाही, हे माझं ठाम मत होतं आणि चारचौघांत ते मी बोलूनही दाखवायची.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या डाव्या पायाला जखम झाली. मधुमेह जुना, पायांना धड संवेदना नाही, त्यामुळे बुटात खडा गेलेला ह्यांना दिवसभर कळलाच नाही. जखम चिघळली आणि बोटं कापावी लागतील असं डॉक्टर बोलू लागले. तेव्हा ह्यांनी दत्तगुरूंना नवस बोलला, पाय वाचला तर दत्तजयंतीला तुमच्या डोंगरावर चालत येईन. पाय वाचला. मी त्याचं श्रेय औषधांना आणि पाच महिने न चुकता केलेल्या ड्रेसिंगला दिलं, ह्यांनी दत्ताला दिलं, आणि त्यावरून आमचं भांडण झालं नाही.

नवस बोलताना ह्यांच्या मनात गिरनार होता. पण तिथल्या हजारो पायऱ्यांचं नाव काढताच डॉक्टरांनी मान हलवली. मग एक दिवस माझ्या फोनमधले फोटो बघताना हे एका फोटोवर थांबले. निवृत्त झाल्यापासून मी आमच्या इथल्या, व्हर्जिनियातल्या हर्नडन गावच्या, चार मैत्रिणींबरोबर डोंगर चढते. शरद ऋतूत आम्ही वेस्ट व्हर्जिनियातल्या एका उंच पठारावर गेलो होतो आणि तिथल्या माथ्यावर तीन मोठे दगड खांद्याला खांदा लावून उभे होते. ह्यांनी त्या फोटोला हात जोडले. म्हणाले, तीन मुखं आहेत, आणखी काय पाहिजे. फोटो मीच दाखवलेला, त्यामुळे बोलायला तोंड राहिलं नाही.

दत्तजयंती येते मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे डिसेंबरात, आणि ते पठार डिसेंबरात माणसांनी जायची जागा नव्हे. पण हे नाही म्हटल्यानं थांबणारे नाहीत. एकटे गेले असते. म्हणून निदान आखणी तरी माझी असावी असं मी ठरवलं. या बाबतीत माझी ख्याती आहे, मैत्रिणींची मुलं मला चेकलिस्ट काकू म्हणतात. त्या पठारावर खरी भीती बर्फाची नाही, दलदलीची आहे. माणसाला वाटतं, एवढी थंडी पडली म्हणजे चिखल गोठला असेल. तसं होत नाही. बर्फाचा जाड थर गोधडीसारखा पडून राहतो आणि खालचा चिखल मऊच राहतो. त्यामुळे पांढरीशुभ्र सपाट जागा दिसली की तिथे जायचं नाही, झुडपं दिसतात त्या बाजूनं वळसा घ्यायचा, हा पहिला नियम. हिवाळ्यात वर जाणारा रस्ता फाटक लावून बंद करतात, म्हणून फाटकापासूनच चालायचं. उन्हाळ्यात लागतो त्याच्या दुप्पट वेळ धरायचा. साडेबारा वाजता जिथे असू तिथून परत फिरायचं. दोघांचे दोन-दोन कोरडे मोज्यांचे जोड, बुटांवर चढवायच्या काटेरी साखळ्या, थर्मास, नकाशा, होकायंत्र. पाच वाजेपर्यंत फोन आला नाही तर मुलीनं, ईशानं, कुणाला कळवायचं तेही लिहून दिलं. शीटमध्ये बेचाळीस ओळी झाल्या होत्या.

दत्तजन्म तिन्हीसांजेला असतो, पण तिन्हीसांजेला त्या पठारावर थांबायची माझी मुळीच तयारी नव्हती. शेवटी भारतातली तिन्हीसांज धरायची अशी तडजोड झाली. त्याप्रमाणे सकाळी साडेसातला, गाडी चालू ठेवून, फाटकाजवळच ह्यांनी जन्म साजरा केला. सुंठवड्याची डबी खिशात टाकली आणि आम्ही निघालो.

चढ चांगला झाला. आकाश स्वच्छ होतं, हे मजेत चालत होते आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही त्या तीन दगडांशी पोहोचलो. वेळेच्या आधी पोहोचल्याचा मला अभिमान वाटला, हे कबूल करते. पश्चिमेकडून ढग सरकताना दिसत होते, म्हणून परतीची दिशा होकायंत्रावर नीट लावून घ्यावी असा विचार करून मी दगडांच्या मागच्या बाजूला गेले. तिकडून मला आरती ऐकू येत होती. एक संपली, दुसरी सुरू झाली. काम आटोपून मी पुढे आले तर ह्यांचे दोन्ही बूट बाजूला व्यवस्थित जोडून ठेवलेले, त्यांत मोजे घडी करून घातलेले, आणि हे बर्फावर अनवाणी उभे.

मी ओरडलेच. ह्यांनी आरती थांबवली नाही. हातानं थांब अशी खूण करून शेवटचं कडवं पूर्ण केलं आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "अगं, बूट घालून आरती करायची का?"

आमच्या लग्नाला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती. देवासमोर चप्पल घालून उभे राहिलेले हे मला एकदाही आठवत नाहीत. गाडीच्या पूजेलासुद्धा पार्किंग लॉटमध्ये अनवाणी उभे राहणारा हा माणूस. बेचाळीस ओळींत ही एक ओळ नव्हती.

पायाची बोटं पांढरी पडली होती आणि दुखतंय का विचारलं तर म्हणाले, काहीच वाटत नाही. ते काहीच न वाटणं हीच भीती होती. ज्या पायासाठी नवस, तोच पाय. मी ह्यांना दगडाच्या आडोशाला बसवलं, माझं जॅकेट उघडून दोन्ही तळवे पोटाशी धरले आणि तशीच बसून राहिले. बोटांवर गुलाबी रंग यायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. कोरडे मोजे घातले. बुटांच्या नाड्या ह्यांनी स्वतः बांधल्या. तोवर साडेबारा वाजून गेले होते आणि ढग माथ्यावर उतरला होता.

पुढची चूक माझी. वाऱ्यानं आमच्या पावलांच्या खुणा भरून टाकल्या होत्या. झुडपांच्या कडेनं वळसा घ्यायचा तर पाऊण तास आणखी लागणार होता, आणि समोर धुक्यात एक पांढरी सपाट जागा दिसत होती. इतरांना शंभर वेळा बजावलेलं मी स्वतःच विसरले, असं म्हणवत नाही. विसरले नव्हते. गेलेला वेळ भरून काढायचा होता, एवढंच. शंभरेक पावलं गेलो आणि ह्यांचा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. मी काठी आडवी टाकून, पालथी पडून ह्यांना ओढलं. पाय वर आला, पण बूट आला नाही. गार पडलेल्या बोटांनी बांधलेल्या नाड्या सैल राहिल्या होत्या. त्या भोकात मी खांद्यापर्यंत हात घातला, काळं पाणी आणि शेवाळ लागलं, बूट काही लागला नाही.

दुसरा मोज्यांचा जोड काढून त्यांतले दोन्ही मोजे त्याच पायावर चढवले, वर प्लास्टिकची पिशवी बांधली. तेवढ्यावर अडीच मैल चालता येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. फोनला रेंज नव्हती. ईशानं कुणाला कळवायचं ते पाच वाजता, आणि पाचपर्यंत तो पाय राहिला नसता. माझ्याजवळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी रडले नाही. पण नोकरीतल्या सवयीनं पुढची पायरी कोणती असा विचार करत होते आणि पुढची पायरी नव्हती. ह्यांनी माझा हात धरला आणि डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. मला राग आला नाही. त्यांच्याबरोबर मीही म्हणू लागले. दुसरं सुचत नव्हतं म्हणून म्हटलं, याहून मोठं काही कारण नव्हतं.

किती वेळ गेला ते मी घड्याळात बघितलं नाही. आधी भुंकणं ऐकू आलं. धुक्यातून एक काळं-पांढरं कुत्रं आलं, ह्यांचा चेहरा हुंगून बसलं. मागून आणखी कुत्री, आणि त्यांच्यामागून एक म्हातारा, सत्तरीच्या पुढचा, कानटोपी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. शिकारीचा हंगाम होता, कुत्री घेऊन तो खालच्या रानात फिरत होता. त्यानं फार विचारपूस केली नाही. बर्फात बसून त्यानं स्वतःचा डावा बूट काढला, आतला दाबलेल्या लोकरीचा, फेल्टचा जाड मोजा ओढून बाहेर काढला आणि ह्यांच्या पायात घातला. स्वतः उघड्या रबरात पाय घालून उठला. कुत्र्याच्या पट्ट्याची दोरी घेऊन ह्यांच्या पायाभोवती गुंडाळली. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाला की माझे पाय अजून मला ओरडून सांगतात, याचे सांगत नाहीत ना. ते त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही. कदाचित बोटं बघून कळलं असेल.

पूर्वी लाकडं वाहणाऱ्या रेल्वेचा एक जुना बांध दलदलीच्या कडेनं खाली उतरत होता. माझ्या नकाशावर तो नव्हता. त्यावरून त्यानं आम्हाला त्याच्या ट्रकपर्यंत आणि ट्रकनं आमच्या गाडीपर्यंत आणून सोडलं. वाटेत एवढंच बोलला की तो या बाजूला येत नाही, पण पुढचं कुत्रं आज ऐकेना, इकडेच ओढत राहिलं. ह्यांनी सुंठवड्याची डबी पुढे केली. आज आमच्या देवाचा जन्म, असं मी सांगितलं. त्यानं हातमोजा काढून हात पँटला पुसला आणि मग घेतला. फेल्टचा मोजा परत द्यायला लागलो तर म्हणाला, राहू द्या, बूट नाहीच तुमच्याकडे. नाव सांगितलं असेल, वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. ट्रक वळून गेला.

ईशाला मी पाचच्या आत फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आई, यू प्लॅन्ड फॉर एव्हरीथिंग. बाबा टेक्स हिज शूज ऑफ. ही ऑलवेज टेक्स हिज शूज ऑफ." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय तपासला. दोन बोटांची साल निघाली, बाकी पाय शाबूत होता. त्यांनी मला चांगलंच सुनावलं.

ह्यांचं म्हणणं, कुत्री चार होती. मी तीन मोजली. यावर आमचा वाद होत नाही, कारण धुकं होतं आणि माझं मोजणं त्या दिवशी फारसं विश्वासार्ह नव्हतं. गेलेल्या बुटाबद्दल हे हळहळले नाहीत. एकच वाक्य बोलले, "एक पादुका त्यांनी ठेवून घेतली, पाय मला परत दिला." तो फेल्टचा मोजा मी धुऊन वाळवला. तो देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे आणि तिथे तो कुणी ठेवला म्हणाल तर मीच.

मी देव पाहिला असं म्हणत नाही. त्या म्हाताऱ्याचं एक घर असेल, कुणी वाट बघणारं असेल, त्या संध्याकाळी त्याचाही पाय गारठून दुखला असेल. एवढं मात्र खरं की माझी आखणी जिथे संपली, तिथे कुणीतरी आपल्या पायातलं काढून आम्हाला दिलं. त्याचं नावही मला माहीत नाही, म्हणून आभार कुणाचे मानायचे हा प्रश्न उरतो, आणि ते मी आता रोज तसबिरीसमोर मानते. चेकलिस्ट सोडलेली नाही. या वर्षी जयंतीला घराजवळचीच एक कोरडी टेकडी निवडली, आणि त्रेचाळिसाव्या ओळीत लिहिलं, आरती, पंधरा मिनिटं, जाड चटई. वर पोहोचल्यावर मी चटई पसरली, ह्यांनी सवयीनं बूट काढून बाजूला जोडून ठेवले. मग मीही खाली वाकून माझ्या नाड्या सोडल्या.