पुढचे दोन दात आणि विम्याची साक्ष

नाशकात एका दातांच्या दवाखान्यात मी विम्याचे कागद करते. आजवर इतक्या दातांचे क्लेम लावलेत, की ते दात ओळीनं मांडले तर रांग दिंडोरीला जाऊन, द्राक्षं खाऊन परत येईल. नियम एकच. दात अपघातानं मोडला तर विमा. किडला किंवा चावताना गेला तर खर्च घरचा. एकदा एक बागायतदार फवारणीच्या औषधाचं झाकण दातानं उघडायला गेला. झाकण शाबूत, दात गेला. "अपघातच हाय ना ताई, मी काय मुद्दाम मोडला?" म्हणून तो इतका भांडला, की शेवटी माझेच दात हलायला लागले.

पण गणपतीच्या आधीचा तो एक क्लेम! आठवला की अजून मी खुर्चीतून हातभर उडते.

सव्वीसेक वर्षांची एक सून आली. तोंडावर रुमाल, आत पुढचे दोन दात अर्धे तुटलेले. विमा नवऱ्याच्या कंपनीचा. "बाथरूममध्ये घसरले," म्हणाली. ओठाला टाके घातलेल्या हॉस्पिटलच्या कागदावरही तेच. आमच्या डॉक्टरांनी मात्र तोंड बघितलं आणि भुवया टाळूपर्यंत नेल्या. "घसरलेल्या माणसाचं कोपर फुटतं, हनुवटी फुटते. हिला दुसरीकडे ओरखडासुद्धा नाही. समोरून सरळ फटका बसलाय." आणि तसंच लिहून दिलं.

झालं! एका अपघाताच्या दोन कहाण्या. चौथ्या दिवशी विमा कंपनीची विचारणा आली: अपघात नेमका कसा झाला? डोळ्यांनी बघणाऱ्याची लेखी साक्ष जोडा.

मी तिला बोलावून घेतलं. तिनं दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि पुटपुटली, "ताई, ढोल."

बाई चोरून ढोल पथकात जात होती! घरी सांगितलेलं कॉम्प्युटर क्लास. सरावात रांग वळली, शेजारणीनं टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, जरा आधीच उचललं, ते थेट हिच्या तोंडावर.

"अगं, मग खरंच लिहू या! शंभर नंबरी अपघात आहे हा!" मी टेबलच बडवलं.

"नको ना! ह्यांच्या कंपनीतून कागद घरी येतो. सासूबाईंना कळलं की ढोल बंद. मिरवणूक तीन आठवड्यांवर आलीय ताई. त्यापेक्षा मी बोळक्या तोंडानं वाजवीन."

दुसऱ्या दिवशी सासूबाईच हजर. मागे सून, मान खाली. मुलाकडून त्यांना विचारणा कळली होती. बसायच्या आधीच त्यांनी फोनमधला ओल्या फरशीचा फोटो माझ्या नाकाला लावला.

"साक्ष पाहिजे ना? लिहा. माझ्या डोळ्यांदेखत पडली. धप्पकन!"

"काकू, डॉक्टर म्हणतात फटका समोरून आहे. खोटी साक्ष दिली तर क्लेम जाईल, आणि तुम्हीही अडकाल."

काकूंनी फोन पर्समध्ये असा टाकला, की आतल्या खोलीतल्या पेशंटच्या दाढेतली कीडही दचकली.

"मग खरं लिहा. ढोल वाजवताना लागलं."

"आई!" सून अशी किंचाळली, की खुर्चीवरच्या पेशंटनं न सांगता आ वासला.

"काय आई? संध्याकाळी मी फिरायला कुठे जाते? त्याच मैदानाच्या कठड्यावर बसते. कॉम्प्युटर शिकून हाताला फोड येतात होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस? तू बाथरूम म्हणालीस, मीही बाथरूम धरून बसले. घरच्या सुनेला चारचौघांत खोटं पाडू?"

मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हातात पेन होतं. काकू सांगत गेल्या, मी लिहीत गेले. किती वाजता, कोणत्या मैदानावर, रक्त किती, रिक्षात कोणी बसवलं. मग म्हणाल्या, "पुढे लिहा, हिचा ताल बरोबर होता. चुकली ती शेजारची."

"काकू, तालाचं विम्याला काय?"

"लिहा म्हणते ना! नाहीतर त्यांना वाटेल आमचीच चुकली."

लिहिलं. सुनेच्या तालाला सासूनं सही करून दाखला दिलाय, असा क्लेम साऱ्या भारतवर्षात हा एकटा. उठता उठता त्या सुनेला म्हणाल्या, "उद्यापासून स्कूटीवर मागे बसवून ने मला. चालून पाय दुखतात." सून हसली, अर्ध्या दातांनी, रुमाल न लावता.

आठव्या दिवशी क्लेम मंजूर! मी फोन लावला. काकूंनी उचलला आणि आधी नुसता गडगडाट ऐकू आला.

"काकू, मंजूर झालं! दात बसवून घ्यायला पाठवा तिला!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"पाठवते, पाठवते! आता ठेवा ताई, तिला पुढच्या रांगेत घेतलंय!"