साहेबांच्या जीपमधून गेलेले गुलाब

मी एकदा माझ्या पोराची परीक्षेची फी गुलाबांवर उडवली. असं सरळ लिहून टाकलं की बरं वाटतं. इतकी वर्षं मी हा प्रसंग निरनिराळ्या तऱ्हेने सांगत आले. कधी दोष बँकेच्या माथी मारला, कधी फुलवाल्याच्या, एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरच्या. आता नातवंडं मोठी झाली आहेत आणि माझी थाप त्यांना लांबूनच ओळखू येते. तेव्हा खोटं बोलण्यात काही राम उरला नाही.

तेव्हा मी पंचेचाळिशीच्या पुढे होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते. माहेर महाडच्या बाजारपेठेतलं, सासर पोलादपूरचं. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर. मूळचे डोंगरावरच्या वाडीतले, गुरं राखत शिकलेले. शाळेत अगदी पुस्तकातलं बोलायचे, पण दमले किंवा हळवे झाले की वाडीची भाषा आपसूक बाहेर यायची. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता.

त्या सुमारास बँका कॉलेजच्या पोरांनाही क्रेडिट कार्डं द्यायला लागल्या होत्या. यांनी ठेवलेल्या ठेवीवर मुलालाही एक मिळालं. मर्यादा बेताचीच. कार्ड हातात देताना हे म्हणाले होते, "ही उधारीच आहे, फक्त चकचकीत. जपून वापर."

पोरगा जपूनच वापरत होता. मेस, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज, सगळं रोखीत. कार्ड फक्त पुस्तकांना आणि परीक्षेच्या फॉर्मला. शिक्षकांचा पगार कधी दहा तारखेला व्हायचा, कधी वीस तारखेला, आणि कॉलेज काही आमच्या पगारासाठी थांबत नव्हतं. मधली फट तो कार्डाने बुजवायचा आणि इकडून पैसे गेले की सगळी रक्कम भरून मोकळा व्हायचा. कार्डावर फॉर्मपुरती जागा कायम राखून ठेवायचा. हे मला कुठे माहीत? मी समजत होते, पोरगं पुण्यात चैन करतंय आणि आईपासून लपवतंय.

फेब्रुवारीत मी डोळे दाखवायला पुण्याला गेले. निघताना यांनी बजावलं, "परवा विस्तार अधिकारी साहेब शाळा तपासायला येणार आहेत. संध्याकाळी चहाला घरी आणतो. त्याच्या आत ये." त्याच परवाला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. हे काही यांच्या गावीही नव्हतं. मलाही एरवी आठवलं नसतं, पण तेव्हा टीव्हीवरच्या मालिकांत नवरा-बायको उठसूट एकमेकांना फुलं द्यायचे आणि मी त्या एकही न चुकवता बघायचे. आमच्या घरात फूल म्हणजे देवाला आणि माझ्या अंबाड्याला. त्यातलं अंबाड्याचंही मीच तोडायचं आणि मीच माळायचं.

पुण्यात मुलाचं प्रॅक्टिकल होतं. चष्म्याच्या दुकानाशी मला सोडून त्याने कार्ड हातात दिलं. "पैसे कमी पडले तरच वापर. नाहीतर नको हं, आई."

कमी पडले नाहीत. पण बाहेर पडले, तर शेजारी फुलांचं दुकान आणि त्यापुढे ही रांग! मला वाटलं, एवढी गर्दी आहे म्हणजे माल चांगला असणार. पुढे मुली, मागे मुली, मधेमधे घाम पुसणारे मुलगे आणि त्यांच्यात हिरव्या काठापदराची, हातात जुन्या चष्म्याची डबी धरलेली मी. प्रेमाचा म्हणून एक दिवस असतो आणि त्या दिवशी गुलाबाला सोन्याचा भाव येतो, हे त्या मालिकावाल्यांनी मला सांगितलंच नव्हतं.

"काकू, मुलासाठी नेताय?" दुकानदाराने विचारलं.

"नाही हो. आमच्या ह्यांच्यासाठी."

मागचा एक मुलगा खुशीत येऊन म्हणाला, "काकू, एक नंबर!"

बस. तिथेच माझी अक्कल गेली. लहान गुच्छ मागायला आलेली मी म्हणाले, "मोठा द्या." किंमत ऐकून नकोच म्हणणार होते, पण मागे इतकी तरुण मंडळी बघत असताना माघार कशी घेणार? कार्ड पुढे केलं. मशीन जरा घरघरलं आणि कागद बाहेर आला. मी मनाशी म्हटलं, परवडत नसतं तर मशीनने नाही म्हटलं नसतं का! कागदावर मुलाची सही हवी होती. मी माझं नाव मराठीत, ठळक अक्षरात लिहून दिलं. कुणी पाहिलंसुद्धा नाही.

स्वारगेटला मुलगा सोडायला आला. गुच्छ बघून हसतच सुटला. "बाबांना? भारी गं आई! कार्ड वापरलंस?"

"थोडंच," मी म्हणाले. या 'थोडंच'ची मला अजून लाज वाटते.

बसमध्ये गुच्छ मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "कुनाचा सत्कार हाय, वहिनी?" मी म्हटलं, "हाय एकाचा." वरंध घाटात गाडी भजी खायला थांबली, तेव्हा मी फुलांवर पाणी शिंपडलं. शेजारच्या नव्या नवरीने नाक खुपसून बघितलं. "काकी, याला वासच नाय."

"महाग फुलांना वास नसतो," मी ठणकावून सांगितलं.

संध्याकाळी घरी पोचले, तर ओटीवर साहेब, दोन शिक्षक आणि हे. माझ्या हातातला गुच्छ पाहताच यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, जमलं! हे झटकन उठले, "वा! अगदी वेळेवर आलीस," म्हणत त्यांनी गुच्छ माझ्या हातातून घेतला, तसेच वळले आणि दोन्ही हातांनी साहेबांना दिला. "आमच्या शाळेतर्फे ही छोटीशी भेट." शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यभर शाल-श्रीफळ आणि हार-गुच्छ देण्यात गेलेला माणूस तो. हातात गुच्छ आला की पुढच्याला देणार, दुसरं काय? मी आत जाऊन चहा टाकला. माझे गुलाब जीपच्या मागच्या सीटवर बसून महाडकडे गेले. मी फुगून बसले आणि हे तर रात्रभर साहेब किती खूश झाले ते सांगत होते.

मग एका दुपारी फोन वाजला. पलीकडे मुलगा. त्यांच्या कॉलेजात फी भरायला कार्डाचं मशीन नवंच बसलं होतं आणि ते नाही म्हणत होतं. "आई, तू नक्की किती खर्च केलेस?"

मी आकडा सांगितला. तो हळूच म्हणाला, "उद्या शेवटची तारीख आहे. फॉर्म गेला तर सहा महिने गेले. मी मित्रांकडे बघतो, पण सगळ्यांचीच फी आहे गं." चिडला असता तर बरं झालं असतं.

पगार झाला नव्हता. यांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शाळेतून आल्या आल्या सांगितलं, "फॉर्मचे पैसे त्याच्या कार्डावर होते. ते मी त्या गुच्छावर घालवले."

हे आधी थक्क झाले, मग भडकले. "साहेबाला एवढे महागाचे गुलाब? अगं, झेंडूचा हार चालला असता! उभ्या जन्मात मी कुणाची हांजीहांजी केली नाही आणि तू माझ्या पोराच्या फीची फुलं करून साहेबाला घातलीस?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण भर भांडणात "ते तुमच्यासाठी होते" कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी खाली मान घालून शिव्या खाल्ल्या. हे तसेच उठले, वाण्याकडून उसने पैसे आणले आणि पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. आमटी दोनदा खारट झाली. घाटात गाडी बंद पडली तर? खिडकी लवकर बंद झाली तर? मुलाच्या वर्गातली सगळी पोरं पुढे गेलेली मला स्पष्ट दिसत होती. दुपारी त्याचा फोन आला. "भरली गं फी. बाबा माझ्याबरोबर रांगेत उभे होते. आणि मी त्यांना सगळं सांगितलं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं," तो म्हणाला आणि हसला.

हे आले तेव्हा मी तुळशीशी दिवा लावत होते. रागावतील म्हणून मी मागे वळलेच नाही. पायरीवर बसून चपला काढल्याचा आवाज आला, पण आत कुणी गेलं नाही. मग पायरीवरूनच म्हणाले,

"माला वाटला, सायबासाठीच आनलीस गो. आपल्यासारख्याला मेल्याबिगर कोन फुलं देतो?"