आभाराच्या ओळी

मलकापुरात शांतवन या ख्रिस्ती माणसाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. त्याचा तरणा मुलगा हायवेवर अपघातात गेला, तेव्हा शेजारचे मानसिंग सर रोज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसत. सर कॉलेजात मराठी शिकवायचे. मूळचे कडेगावचे, ऊसवाल्या घरातले. पण जीव कादंबऱ्यांत. त्यांना आवडणाऱ्या आधुनिक पाश्चात्त्य कादंबऱ्यांत चर्च ओस असे, बायबलचं वचन मध्येच तुटे आणि देव गप्प राही.

एकदा शांतवननं बायबल उघडलं. ‘देवा, मला का टाकलंस’ असा टाहो फोडणारं स्तोत्र तो मोठ्यानं वाचू लागला. थोड्याच ओळींत त्याला रडू फुटलं. सरांना बघवेना. ते उठून घरी आले.

पुढं सरांची कादंबरी आली. तिच्यातला बाप तेच स्तोत्र वाचताना थांबतो, बायबल मिटतो आणि पुन्हा कधीच उघडत नाही. पुण्यात कौतुक झालं. सरांनी एक प्रत शांतवनला हौसेनं नेऊन दिली.

काही दिवसांनी शांतवन दारात आला.

“त्यो बाप म्हंजी मीच की रं?”

“तुझ्यावरनं सुचला.”

“चर्चमदी समद्यांनी वळखलं. पाळकसाहेब घरी आलं, प्रार्थना सोडू नगा म्हनाया. मी बायबल मिटलं न्हवतं, गड्या. रडलो, पानी प्यालो आन् पुढचं वाचलं. शेवटाला देवाचं आभार हायत त्यात. तू तवा घरी गेला हुतास.”

आभाराच्या त्या ओळी सरांना ठाऊक होत्या. लिहिताना त्यांनी मुद्दाम वाचल्या होत्या. कादंबरी जुन्या वळणाची वाटेल म्हणून सोडून दिल्या होत्या.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्यांनी नवा शेवट लिहून पाहिला. बाप डोळे पुसतो, पुढं वाचतो. पण प्रवचनासारखं कोरडं उतरलं. रडून झाल्यावर शांतवनचा आवाज कसा लागला, ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. कादंबरी होती तशीच छापली गेली.

शांतवन अजूनही चहाला येतो. गुडघ्यांचं, लाइट जाण्याचं बोलतो. गेल्या वर्षी सरांनी मुलाचा विषय काढला.

“ऱ्हाऊ दे, गड्या,” शांतवन हसून म्हणाला. “लिवशील परत.”

आता मी लिहीत न्हाई, हे सरांच्या ओठांवर आलं. तोवर शांतवन कुणाच्या तरी जळलेल्या मोटरीचं सांगू लागला होता.