गैरहजर मुलीसाठी रिपोर्ट

आमच्या शाळेतलं कडुलिंबाचं झाड वाऱ्यानं मोडून मुलींच्या स्वच्छतागृहाच्या पत्र्यावर पडलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला जरा आनंदच झाला. कुणाला लागलं नव्हतं. दहावीच्या मुलांना मी इंग्रजीत रिपोर्ट लिहायला शिकवत होते आणि विषय आयताच अंगणात येऊन पडला होता. वर्गात जाऊन म्हटलं, 'काय झालं ते बहुतेकांनी बघितलंय. लिहून आणा.'

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. पहिल्याच वहीत प्रमुख पाहुण्यांनी दीपप्रज्वलन केलं होतं. त्यानंतर मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, मुख्याध्यापकांनी प्रास्ताविक केलं आणि मग कुठं झाड पडलं. शेवटी आभारप्रदर्शन आणि राष्ट्रगीत. मी हसले आणि दुसरी वही उघडली. तिच्यातही दिवा पेटला होता. तिसरीत पाहुणे तालुक्याहून आले होते. निम्म्या वह्या होईपर्यंत माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी लाल पेन बंद करून ठेवलं.

गाइडमधला नमुना पाठ करून कुठल्याही विषयाला चिकटवायचा, ही सवय मला माहीत होती. पण दोष एकट्या गाइडचा नव्हता. आमच्या बीड जिल्ह्यात कार्यक्रम कशाचाही असो, पहिला तास सत्काराचा. फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, स्टेजवर कोण कुणाच्या शेजारी, हार आधी कुणाला, यावरून माणसं रुसून निघून जातात आणि त्यांना परत आणायला मोटारसायकली धावतात. गावात बोअर घेतला तरी पेपरातल्या बातमीत आधी नावांची रांग असते आणि पाणी लागलं की नाही ते शेवटच्या ओळीत कळतं. पोरं पहिलीपासून हेच बघत आलेली. रिपोर्ट म्हणजे कुणाचा मान कितवा ते नीट लावून देणं, अशी त्यांची समजूत झाली होती.

मी वर्गावर भरपूर तोंडसुख घेतलं. 'झाड पडायला प्रमुख पाहुणे लागतात का रे?' असंही विचारलं. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ओढ्यापलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवरून येणारी. त्या वस्तीवरून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच.

'मॅडम, पाव्हणे आलेच न्हाईत, तर रिपोर्ट कशाचा लिवायचा?'

ती मला चिडवत नव्हती, हेच मला लागलं. आपल्यासमोर काही घडलं तर ते लिहिण्याजोगं असतं, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मग मला आठवलं की झाड पडलं त्या दिवशी ती शाळेत नव्हती, मेंढरांमागे गेली होती. मी वर्गाला म्हटलं, 'वह्या मिटा. ही गैरहजर होती. हिला सांगा काय झालं ते.'

पोरं एकदम सांगायला लागली. ती ऐकत राहिली आणि मधेच विचारत राहिली. कधी पडलं? आत कोण होतं का? पत्रा किती दबला? शेवटी म्हणाली, 'मग आता आमी जायचं कुठं?'

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. दोन दिवस त्या सगळ्या हाच विचार करत होत्या आणि एकीच्याही वहीत तो नव्हता. मी फळ्यावर तिचे सगळे प्रश्न लिहिले आणि म्हटलं, 'यांची उत्तरं ओळीनं इंग्रजीत लिहा, झाला रिपोर्ट.' एका तासात स्वच्छतागृहावरचा रिपोर्ट तयार झाला, छोट्या छोट्या वाक्यांचा. तो मी मुख्याध्यापकांना वाचून दाखवला आणि त्याच आठवड्यात झाड उचललं गेलं.

तेव्हापासून आमच्या वर्गात कायदाच झाला. रिपोर्ट लिहायचा तो जी नव्हती तिच्यासाठी. तो तिला वाचून दाखवायचा. मग तिनं वाटेल ते विचारायचं, आणि कामाची गोष्ट विचारावी लागली तर रिपोर्ट कच्चा. गैरहजर मुलांचा आमच्याकडे कधी तोटा नसतो. कापूस वेचायला गेलेली, सिरसाळ्याच्या बाजाराला गेलेली, मामाच्या लग्नाला जाऊन तिथंच राहिलेली, कुणी ना कुणी असतंच. हळूहळू पोरांच्या इंग्रजीतली ती ग्रँड आणि मेमोरेबलची फौज पांगली. कुठं, कधी, काय झालं, कुणी काय केलं आणि आता पुढं काय, एवढं उरलं. मेंढपाळाची लेक मात्र हजर असली तरी प्रश्न विचारायची. तिला टाळायला पोरं रिपोर्ट नीट लिहायला लागली, असंही म्हणता येईल.

लांबच्या वस्त्यांवरच्या मुलींसाठी पुण्याच्या एका संस्थेनं शाळेला गाडी दिली होती. ड्रायव्हर, डिझेल सगळं तिचंच. दिवाळीनंतर संस्थेचा निरोप आला. पुढच्या वर्षी गाडी ठेवायची की नाही ते ठरवायचं आहे. गाडीविषयी रिपोर्ट पाठवा, इंग्रजीत, आणि विद्यार्थिनींनी स्वतः लिहिलेला.

आमचे मुख्याध्यापक मनानं चांगले, पण सत्काराचे भारी दर्दी. त्यांच्या कपाटात शालींचा साठा कायम. कोण कधी येईल सांगता येत नाही, असं ते म्हणत. त्यांनी निरोप वाचला आणि स्वतःच एक मसुदा लिहून माझ्या हातात ठेवला. त्यात गाडीची पूजा, फीत, फेटे आणि पाहुण्यांची नावं होती. 'एवढं पोरींकडून उतरवून घ्या,' ते म्हणाले.

'सर, पोरींनीच लिहायचंय.'

'मग तुम्ही बघा. पण चांगलं लिहा म्हणावं. गाडी जायला नको.'

गाडी जायला नको, हे मलाही वाटत होतं. वीसेक मुली तिच्यावर अवलंबून होत्या. पण त्यातली एक, मेंढपाळाची लेक, आता येत नव्हती. पावसाळ्यात ओढ्यावरच्या मोरीचे, म्हणजे छोट्या पुलाचे, पाइप वाहून गेले होते. गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबायची. पलीकडे वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, डोक्याच्या वर गेलेला. पाणी ओसरल्यावर ती काही दिवस एकटी चालत गेली. थंडीत दिवस लवकर मावळायला लागला तसं तिच्या वडिलांनी तिला घरी ठेवून घेतलं. दहावीचा फॉर्म भरलेला, परीक्षा तोंडावर, आणि ही मेंढरांमागे. मी दोनदा निरोप धाडला होता. 'रस्ता झाला की धाडतो,' असं उत्तर आलं होतं.

गाडीतल्या मुलींनी रिपोर्ट लिहिला. चांगला लिहिला. गाडी किती वाजता येते, कुठं कुठं थांबते, आधी किती चालावं लागायचं, सगळं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं की गाडी सगळ्या वस्त्यांवर जाते.

मी विचारलं, 'गैरहजर मुलीला वाचून दाखवला?'

'मॅडम, तिनं तर शाळाच सोडली,' एक म्हणाली.

'पटावर नाव आहे तिचं. म्हणजे गैरहजरच.'

रविवारी दोघींना स्कूटीवर घेऊन ओढ्यापर्यंत गेले आणि पुढं पायी. उसातून चालताना दुपारच्या उन्हातही मला मागं वळून बघावंसं वाटत होतं. तिचे वडील झाडाखाली बसले होते. त्यांनी घोंगडी अंथरली, चहा ठेवायला सांगितला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, 'बाई, तुमचं समदं कळतंय मला. पण सांजंला येकटी पोर या उसातनं कशी यील, तुमीच सांगा.' मीही लेकीची आई आहे. मी कपातला चहा पीत राहिले.

ती मेंढरं पांगू नयेत म्हणून उभ्यानंच रिपोर्ट ऐकत होती. वाचून झाला तसा मुलींनी कायद्याप्रमाणे विचारलं, 'काय इचारायचं?'

'ही गाडी लई चांगली हाय,' ती म्हणाली. 'पर ही कुठली?'

दोघी पुन्हा कागदात बघायला लागल्या.

'समद्या वस्त्यांवर जाती म्हणं. मग आमच्या वस्तीवर काहून येत न्हाई? आन मी शाळंत हाय का न्हाई, ते यात कुठंच न्हाई.'

दोघी मुलींचे चेहरे उतरले. एक हळूच म्हणाली, 'आगं, तसं लिवलं तर गाडीच बंद करतील. मग आमी समद्याच घरी.' हे बोलणं खोटं नव्हतं. मलाही तीच भीती होती. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, 'मग गाडीला नावं ठेवू नका. नुसतं कुठवर येती ते लिवा.'

तिथं घोंगडीवर बसूनच शेवट बदलला. ओढ्याला इंग्रजीत काय म्हणायचं यावर थोडा खल झाला. मी म्हटलं, ओढाच राहू द्या. तिनं सांगितलं तसं एकीनं लिहून घेतलं: 'द व्हॅन स्टॉप्स ॲट द ओढा. आफ्टर द ओढा देअर इज वन गर्ल.' गाडी ओढ्याशी थांबते. ओढ्यापलीकडे एक मुलगी आहे. बस, एवढंच. इतकी वर्षं मी इंग्रजी शिकवते, पण माझ्या वर्गात याहून चांगलं वाक्य कुणी लिहिलेलं मला आठवत नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. 'मॅडम, शेवटचं तेवढं काढलं असतं तर?'

'काढा की,' मी म्हटलं. 'फक्त पलीकडं जाऊन तिला वाचून दाखवा.'

माझा आवाज चढला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी कागद पुढ्यात ओढला, सही केली आणि शिक्का मारला. कागद पुण्याला गेला. मुली रोज विचारायच्या, 'आलं का काही?' आणि मी रोज तोंड दुसरीकडे करायची.

पुण्याहून फोन आला तो थेट मुख्याध्यापकांना. पलीकडून विचारलं, ओढ्यापलीकडची मुलगी परीक्षेला बसणार का? गाडी आम्ही ठेवू, पण ती शेवटच्या मुलीपर्यंत गेली पाहिजे. रस्त्याचं तुमचं तुम्ही बघा. त्या दुपारी सर पांढरा शर्ट घालून गावातल्या पुढाऱ्याकडे गेले. या माणसाला त्यांनी आजवर किती शाली घातल्या असतील देव जाणे, आणि मी दर वेळी मागं बसून नाक मुरडलं होतं. आठवडाभरात ट्रॅक्टर आले, सिमेंटचे पाइप पडले, वर मुरूम दाबला गेला. त्या शाली कुठं तरी जमा होत होत्या म्हणायच्या.

सरांना मोरीचं उद्घाटन करायचं होतं. फ्लेक्सचा मजकूरही तयार होता. तेवढ्यात निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि पुढाऱ्यांना हार घालायची सोय राहिली नाही. गाडी सकाळी तशीच निघाली आणि ओढ्यावरून पलीकडे गेली. मी त्या दिवशी ट्रेनिंगसाठी बीडला होते. हॉलमध्ये बसून घड्याळाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर ती मागच्या बाकावर. हजेरी घेताना तिचं नाव उच्चारलं आणि पुढं हजर मांडलं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, 'मॅडम, काल तुमी गैरहजर होता.'

सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरची ती वही घेऊन उठली आणि मला रिपोर्ट वाचून दाखवला. 'यस्टरडे द व्हॅन केम टू अवर वस्ती. नो चीफ गेस्ट केम. आय सॅट निअर द विंडो.' काल गाडी आमच्या वस्तीवर आली. प्रमुख पाहुणे आले नाहीत. मी खिडकीशी बसले.

'मॅडम, इचारा ना,' पोरं म्हणाली.

कायदा माझाच होता. मी विचारलं, 'मेंढरांमागं आता कोण आहे?'

'आबा,' ती म्हणाली. 'म्हणलेत, मार्चपतोर मी बघतो.'

'आणि मार्चनंतर?'

तिनं वहीत बघितलं.

'हे रिपोर्टात नाही,' मी म्हटलं.

'लिवायचं का?'

'लिही.'

ती उभ्या उभ्याच बाकावर वाकली आणि दिवा, पाहुणे, सत्कार यातलं काहीच नसलेल्या त्या रिपोर्टाखाली तिनं चौथं वाक्य लिहिलं: 'माय फादर इज विथ द शीप टिल मार्च.' मग तिनं वही माझ्याकडे धरली. मी लाल पेन काढलं, वाक्य दोनदा वाचलं आणि कुठंही खूण न करता वही तिला परत दिली.